सत्तावीस सीझननंतर कोचला नारळ?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. २००१ मध्ये एमएस करायला अमेरिकेत आयोवा सिटीला आलो आणि इथलाच झालो. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सुटला आणि त्या जागी हा हेल्मेटवाला, लंबगोल चेंडूचा फुटबॉल आला. नाद तोच. नोकरी लागल्यावर आधी विद्यापीठाच्या संघाची सीझन तिकिटं घेतली, मग गाडी. तेव्हापासून तिकिटं आणि त्यासोबतची देणगी कधी चुकवली नाही.

आमचे कोच कर्क फेरेन्ट्स १९९९ पासून आहेत. आता वय सत्तर. मुलगा त्याच विद्यापीठात शिकतो, वीस वर्षांचा आहे. त्याच्या मित्रांनी 'कोच बदला' म्हणून सह्यांची मोहीम काढली आहे आणि त्यात याची सही आहे. माझ्या टेलगेटच्या (सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांमागे जमून खाणंपिणं करणाऱ्या) कंपूतले दोघे म्हणतात, यंदा देणगी बंद करायची, म्हणजे वरच्यांना कळेल. मला हा कृतघ्नपणा वाटतो. पोरगा म्हणतो, "बाबा, तुम्ही आठवणींवर जगताय." थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला वाद इतका पेटला की हिनं टीव्हीच बंद केला. तिकिटांची मुदत जवळ आली आहे. कोच बदलावा का? आणि मी पैसे भरू का?

— मक्याच्या रानातला कोल्हापूरकर

उत्तर

नमस्कार कोल्हापूरकर,

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही खाली उतरत बसणार नाही. फेरेन्ट्स यांना नारळ देऊ नये. पण त्यांच्या जाण्याचं साल आत्ताच ठरवावं, जाहीर करावं, आणि ते त्यांनी एकट्यानं ठरवू नये. म्हणजे तुम्ही अर्धे बरोबर आणि चिरंजीवही अर्धे बरोबर. हे ऐकून दोघंही माझ्यावर चिडाल, पण निदान एकमेकांवरचा राग थोडा कमी होईल.

इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण आपल्याकडे 'कॉलेजचा कोच' म्हटलं की शिट्टी गळ्यात अडकवलेले पीटीचे सर डोळ्यांसमोर येतात. हे प्रकरण तसलं नाही. आयोवा राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे शनिवारी बरंचसं राज्य हॉकआय, म्हणजे आयोवा विद्यापीठाच्या या संघाच्या मागे असतं. किनिक स्टेडियममध्ये सुमारे ६९,००० माणसं बसतात. विद्यापीठ सरकारी आहे आणि कोचचा पगार वर्षाला ७० लाख डॉलरच्या घरात, म्हणजे राज्याच्या कुठल्याही सरकारी नोकरापेक्षा जास्त. करार २०२९ पर्यंत. शिवाय पहिला क्वार्टर संपला की अख्खं मैदान पाठ फिरवून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतं आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून आजारी मुलं उलट हात हलवतात. २०१७ पासून दर सामन्याला हे चालतं. अशा ठिकाणी कोच बदलण्याची चर्चा नुसत्या गुणतक्त्यावर कशी होईल?

आता तुमच्या घरातलं भांडण. तुम्ही दोघं एकाच माणसाबद्दल बोलताय असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तुम्ही दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलताय.

तुम्ही आलात २००१ ला. फेरेन्ट्स यांचा पहिला सीझन १ विजय आणि १० पराभवांचा होता, दुसरा ३-९. आजच्या रिवाजात तिथेच नारळ हातात पडला असता. त्यांना वेळ मिळाला, आणि तुमच्या डोळ्यांसमोर २००२ मध्ये ११ विजय आले, बिग टेन, म्हणजे आयोवा ज्या विद्यापीठांच्या गटात (कॉन्फरन्समध्ये) खेळतं, त्या गटात एकही पराभव नाही. २००४ ला पुन्हा बिग टेनचं संयुक्त विजेतेपद. आणि १ जानेवारी २००५ चा तो शेवटचा चेंडू: लुईझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध (एलएसयू) घड्याळ संपत आलेलं, ड्रू टेटनं उंच फेकला, वॉरन हॉलोवेनं पकडला आणि ५६ यार्डांचा टचडाउन. तुम्ही तेव्हा सोफ्यावरून किती उंच उडी मारलीत ते मला ठाऊक नाही, पण मारली असणारच.

पोरगा वीस वर्षांचा. म्हणजे आयोवानं शेवटचं बिग टेन विजेतेपद मिळवलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याला कळायला लागल्यापासून त्यानं काय पाहिलं? २०१५ ला सलग १२ विजय, मग बिग टेनच्या अंतिम सामन्यात मिशिगन स्टेटकडून १३-१६ असा निसटता पराभव आणि रोझ बोल या सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यात स्टॅनफर्डकडून १६-४५ असा मार. २०२१ ला अंतिम सामन्यात मिशिगनकडून ३-४२. २०२३ ला त्याच मिशिगनकडून ०-२६ आणि लगेच पुढच्या सामन्यात टेनेसीकडून ०-३५. त्याच्या खात्यात 'तो चेंडू' नाही. तो कृतघ्न नाही हो, त्याला कृतज्ञ व्हायला तुमच्याइतकं मिळालेलंच नाही.

त्यात या संघाची खेळण्याची तऱ्हा. ३ सप्टेंबर २०२२ चा साउथ डकोटा स्टेटविरुद्धचा सामना आठवा. आयोवा ७-३ नं जिंकलं. हा खेळ जाणणाऱ्याला वाटेल, ७ म्हणजे एक टचडाउन (चेंडू गोल रेषेपार नेला की ६ गुण) आणि वरचा एक गुण. तसं नव्हतंच. एक फील्ड गोल, म्हणजे लाथेनं चेंडू खांबांमधून मारणं, त्याचे ३. आणि दोनदा बचाव फळीनं समोरच्याला त्याच्याच गोल क्षेत्रात पाडलं, त्याला सेफ्टी म्हणतात, त्याचे दोन-दोन. ३ अधिक २ अधिक २. आक्रमण करणाऱ्यांनी दिवसभरात एकदाही चेंडू रेषेपार नेला नाही, आणि संघ जिंकून घरी गेला. त्या काळात आयोवाचा सगळ्यात लाडका खेळाडू होता पंटर, म्हणजे आपल्याला पुढे जाता येत नाही म्हणून चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकणारा माणूस. ऑस्ट्रेलियाचा टोरी टेलर. देशातल्या सर्वोत्तम पंटरचा पुरस्कार त्याला २०२३ मध्ये मिळाला. मला स्वतःला असला खडूस फुटबॉल मनापासून आवडतो. पण वीस वर्षांच्या पोराला शनिवारचे चार तास हे बघ आणि वर आभार मान म्हणणं जरा जास्तच आहे.

तरीही काढू नका म्हणते. त्याचं कारण तुमच्या शेजारीच आहे, मिसूरी नदीच्या पलीकडे.

नेब्रास्कानं २००३ मध्ये फ्रँक सॉलिच यांना काढलं. ९ विजय आणि ३ पराभव असा सीझन संपल्या संपल्या. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव अशी त्यांची एकूण कामगिरी होती. तिथल्या अॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला, ती सुमार वाटली. आपला संघ यापेक्षा मोठा आहे असं त्यांचं म्हणणं. पुढे काय झालं ते तुम्ही तिथून शेजारी बसून पाहिलंच आहे. बिल कॅलहान आले, २७-२२ करून गेले. बो पेलिनी आले, दरवर्षी निदान ९ सामने जिंकले, आणि २०१४ मध्ये पुन्हा ९-३ वरच त्यांनाही काढलं. म्हणजे पहिल्या अनुभवातून शिकले काय, तर तोच आकडा पुन्हा वापरायचा. माइक रायली १९-१९. मग स्कॉट फ्रॉस्ट. घरचा पोरगा, १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा म्होरक्या), आणि नुकताच सेंट्रल फ्लोरिडाला १३-० असा अजिंक्य सीझन देऊन आलेला. याहून बिनचूक निवड कागदावर शोधून सापडली नसती. १६ विजय, ३१ पराभव. २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर त्यांचीही पाठवणी झाली. नेब्रास्काचं शेवटचं कॉन्फरन्स विजेतेपद १९९९ चं आहे, म्हणजे फेरेन्ट्स जिथे १-१० नं हरत होते त्या वर्षीचं. २०१५ पासून आयोवानं त्यांना लागोपाठ सात वर्षं हरवलं. २०२३ आणि २०२४ ला तर दोन्ही वेळा १३-१०, दोन्ही वेळा शेवटच्या क्षणीच्या फील्ड गोलवर. ती खडूस पद्धतच तिथे उपयोगी पडली, हे पोराला जरूर सांगा.

त्या उलट १९७९ पासून आयोवाचे मुख्य कोच फक्त दोन झाले, हेडन फ्राय आणि फेरेन्ट्स. राज्याची लोकसंख्या जेमतेम ३२ लाख. तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याहून जास्त माणसं आहेत. टेक्सास किंवा फ्लोरिडात जशी शाळेशाळेतून तयार पोरं मिळतात तशी इथे मिळत नाहीत. इथे डॅलस क्लार्कसारखा शिष्यवृत्तीशिवाय आलेला मुलगा घ्यायचा आणि घडवायचा. जॉर्ज किटल, टी. जे. हॉकेन्सन, सॅम लापोर्टा, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये नाव काढलेल्या टाइट एन्डांची (समोरच्याला अडवणं आणि चेंडू झेलणं दोन्ही करणाऱ्यांची) रांगच या एका कॉलेजातून निघाली आहे. २०१२ नंतर एकही सीझन पराभवांच्या बाजूला झुकलेला नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात फेरेन्ट्स यांनी बिग टेनमधला सर्वाधिक विजयांचा विक्रम, ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांचे २०५ विजय, मागे टाकला.

मात्र पोराच्या हातात दोन पत्ते आहेत आणि ते खोटे नाहीत. जॉर्जियानं २०१५ मध्ये मार्क रिक्ट यांना पंधरा वर्षांनंतर काढलं, तेही ९-३ वरच. त्यांच्या जागी आलेल्या कर्बी स्मार्ट यांनी २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणली. आणि बिग टेनमधलंच इंडियाना, जे कोणाच्या खिजगणतीत नव्हतं, त्यांनी कोच बदलला आणि कर्ट सिग्नेटी यांच्या पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, ११ साखळी सामने जिंकून प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी गाठली. पण इंडियाना आदल्या वर्षी ३-९ होतं, त्यांना गमावण्यासारखं काही नव्हतं. आणि स्मार्ट हे जॉर्जियाचेच माजी खेळाडू, अलाबामाच्या बचाव फळीची सूत्रं वर्षानुवर्षं सांभाळून तयार झालेले. माणूस हेरून ठेवलेला असेल तर गोष्ट वेगळी. कोच नकोसा झालाय एवढ्याच भांडवलावर निघालात की नेब्रास्का होतं.

पैशांचं थोडक्यात. करार मधेच मोडला की कोचला भरपाई द्यावी लागते. टेक्सास ए अँड एमनं २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना घालवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त कबूल केले. पेन स्टेटनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, त्याच वर्षीच्या जानेवारीत ते प्लेऑफच्या उपांत्य फेरीत होते. भरपाईचा आकडा ५ कोटींच्या आसपास. मग नवा माणूस शोधायला जवळपास दोन महिने गेले आणि शेवटी उचलला तो तुमच्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचा, आयोवा स्टेटचा मॅट कॅम्पबेल. तुमच्या टेलगेटमध्ये त्या दिवशी काय बोलणं झालं असेल ते ऐकायला मला आवडलं असतं.

इथवर वाचून तुम्ही खूश झाला असाल तर आता पुढचं जरा सावकाश वाचा.

विजय-पराजय हा फेरेन्ट्स यांच्याविरुद्धचा खरा मुद्दाच नाही. खरे मुद्दे दोन आहेत आणि तुमच्या पत्रात दोन्ही नाहीत. पहिला २०२०चा. आयोवाच्या माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी एकामागून एक पुढे येऊन सांगितलं की संघात त्यांना वेगळी वागणूक मिळते. बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली. व्यायाम विभागाचे प्रमुख ख्रिस डॉइल यांना जावं लागलं, तेही सुमारे ११ लाख डॉलर घेऊन. खटला २०२३ मध्ये ४१ लाख ७५ हजार डॉलरवर मिटला आणि त्यातले २० लाख करदात्यांच्या तिजोरीतून गेले, म्हणजे थोडे तुमचेही. आपल्याला हे दिसलं नाही, असं फेरेन्ट्स यांनी तेव्हा कबूल केलं. पण वीसेक वर्षं एका संघावर राज्य करणाऱ्याला जे दिसत नाही, ते दाखवण्याची हिंमत खालच्या कुणात उरलेली नसते, म्हणून दिसत नाही.

दुसरा मुद्दा चिरंजीवांचा. त्यांच्या, तुमच्या नव्हे. २०१७ पासून आक्रमणाची सूत्रं त्यांचा मुलगा ब्रायन याच्याकडे होती. नातेवाइकाला हाताखाली ठेवू नये असा विद्यापीठाचा नियम, म्हणून कागदोपत्री ब्रायनचे साहेब अॅथलेटिक डायरेक्टर. कोल्हापूरच्या माणसाला हे मी समजावून सांगायला नको: चेअरमन वडील, कार्यकारी संचालक मुलगा आणि देखरेखीला ज्यांना चेअरमननंच मोठं केलंय ते, असा साखर कारखाना तुम्ही पाहिलेला आहे. आक्रमण देशात तळाच्या रांगेत गेलं तेव्हा २०२३ साठी करारात अट घातली, संघानं सामन्यामागे सरासरी २५ गुण करायचे. बचाव फळीनं मिळवलेले गुणसुद्धा त्यात धरायचे! तरी सरासरी पंधराच्या वर फारशी सरकली नाही. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाच्या हंगामी अॅथलेटिक डायरेक्टर बेथ गोएट्झ यांनी सीझन चालू असतानाच जाहीर केलं की ब्रायन पुढच्या वर्षी नसेल. वडिलांना ते आवडलं नाही. पण पुढे बघा काय झालं. बाहेरून टिम लेस्टर आले, गुण वाढले. आणि ज्या साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ते ७-३ झालं होतं, तिच्या त्या दिवशीच्याच क्वार्टरबॅकला, मार्क ग्रोनोव्स्कीला, २०२५ साठी आयोवानं आपल्याकडे आणलं. म्हणजे सत्तरीतला माणूसही बदलतो, फक्त 'नाही' म्हणणारं कुणीतरी वर लागतं.

वर कुणीच नसलं की काय होतं याचं उदाहरण पेन स्टेटमध्ये आहे. २००४ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष आणि अॅथलेटिक डायरेक्टर हे दोघं तिथले कोच जो पटर्नो यांच्या घरी गेले, निवृत्तीचं सुचवायला. पटर्नो नाही म्हणाले आणि विषय संपला. पुढच्याच वर्षी संघानं ११ सामने जिंकले, त्यामुळे सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याचंच बरोबर होतं. २०११ मध्ये त्यांचे जुने सहायक जेरी सॅन्डस्की यांच्या बालअत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं आणि ४६ वा सीझन चालू असतानाच, रात्री फोन करून, पटर्नोंना काढावं लागलं. आयोवाची गोष्ट तसली अजिबात नाही, तुलना माणसांची करत नाहीये. पण साहेबांनी कोचच्या घरी जायचं आणि नकार ऐकून परत यायचं, ही व्यवस्था मला सगळीकडे सारखीच भीतीदायक वाटते.

म्हणून साल ठरवा म्हणते. २०२९ पर्यंतचा करार म्हणजे साल ठरलं असं नव्हे. असे करार वाढवण्यासाठीच असतात. ओक्लाहोमा स्टेटनं माइक गंडींना २०२४ च्या ३-९ नंतरही ठेवलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात तुलसाकडून हरल्यावर सीझनच्या सुरुवातीलाच काढलं. वीस वर्षांच्या सेवेचा शेवट असा व्हावा का? फ्लोरिडा स्टेटनं बॉबी बाउडन यांचा उत्तराधिकारी आधीच नेमून ठेवला होता. बाउडन यांचा निरोप तरीही फार गोड झाला नाही, त्यांना अजून एक वर्ष हवं होतं. पण संघ सावरला, २०१३ ला राष्ट्रीय विजेता झाला. निरोप गोड होणं आणि संघ सावरणं यातलं एकच मिळणार असेल तर मी दुसरं घेईन. तुम्ही पहिलं घ्याल असा माझा अंदाज आहे.

आता तुमचे दोन रोकडे प्रश्न. तिकिटं घ्या. ती तुमच्या आनंदासाठी आहेत, कोचला गुण देण्यासाठी नाहीत, आणि तुमच्या दोन मित्रांची देणगी थांबल्यानं ७० लाखांच्या पगाराला ओरखडाही पडणार नाही. देणगीची रक्कम मात्र तिकिटाला लागते तेवढीच ठेवा, वरचे पैसे यंदा हातात राखा. पोराला सही मागे घ्यायला सांगू नका, वीस वर्षांचा आहे तो. त्याऐवजी दोघं मिळून बेथ गोएट्झ यांच्या कार्यालयाला एक मेल लिहा. आता त्या कायमस्वरूपी अॅथलेटिक डायरेक्टर आहेत. त्यात तीनच गोष्टी विचारा. पुढच्या कोचचा शोध कोण घेणार आणि तो सुरू झालाय का? फेरेन्ट्स यांचं शेवटचं वर्ष कोणतं, आणि ते ठरवायचा अधिकार कुणाचा? आणि खेळाडूंना कोचबद्दल तक्रार करायची असेल तर कोचच्या हाताखाली नसलेला कोणता माणूस ती ऐकतो?

तिसरा प्रश्न पोराला लिहू द्या. वर्गात, होस्टेलवर त्याच्या आजूबाजूला त्या संघातली मुलं असतील, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. मेल छोटा ठेवा, २००२ च्या आठवणी त्यात घालू नका. आणि पुढच्या थँक्सगिव्हिंगला टीव्ही जेवणानंतर लावा. नेब्रास्काचा सामना तसाही दुसऱ्या दिवशी असतो.